बॅटवरचा शिक्का आणि मुलाचे मनगट

शाळेसाठी बेसबॉलची बॅट घ्यायची म्हटली की तीन ठिकाणांहून सल्ला मिळतो. नियमपुस्तक लांबी, जाडी आणि वजन यांच्या मर्यादा सांगते. दुकानातला तक्ता मुलाची उंची आणि वजन विचारतो व त्यावरून बॅटची लांबी सांगतो. मैदानावरचे अनुभवी लोक सांगतात, की बॅट एका हाताने समोर आडवी धरून पाहा. अर्धा मिनिट हात थरथरला नाही तर ती बॅट तुमची. हे सल्ले वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि त्यांत तथ्य मुळीच नाही असेही नाही. पण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने ते तपासायला घेतले की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. बॅट फिरवायची असते, आणि ती फिरवायला किती जड आहे हे या तिन्हींपैकी एकही सल्ला मोजत नाही.

क्रिकेटच्या देशात हा प्रश्न कोणाला पडतो, असे वाटेल. पण महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. विद्यापीठांच्या आपसांतल्या स्पर्धांतही ते आहेत. राज्य व राष्ट्रीय पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे खेडोपाडीच्या शाळाही या खेळांकडे गंभीरपणे पाहतात. कागल तालुक्यातले बिद्री घ्या. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आणि दूधसाखर महाविद्यालय यांमुळे हे गाव जिल्ह्याला ठाऊक आहे. अशा गावातल्या शाळेत संघ उभा करायचा तर क्रीडाशिक्षकाच्या हाती एका वेळी एक-दोन बॅटींपुरतेच पैसे असतात. तीच बॅट तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती जाते आणि अठरा वर्षांच्या मुलाच्याही. ती चुकीची निघाली तर पूर्ण हंगाम वाया जातो, आणि चेंडू लागत नाही म्हणून खेळ सोडणारे मूल बॅटीला नव्हे, स्वतःला दोष देते. बिद्रीत काट्याचे महत्त्व कोणाला सांगायला नको. उसाची प्रत्येक गाडी काट्यावरून जाते आणि शेतकऱ्याचे डोळे त्या आकड्याकडे लागलेले असतात. मग बॅटच्या बाबतीतच आपण दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर का समाधान मानतो?

आधी नियमाचे पाहू. आपल्याकडे चांगल्या धातूच्या बॅटवर जो ‘बीबीसीओआर ०.५०’ असा शिक्का दिसतो, तो अमेरिकेतल्या शालेय व महाविद्यालयीन नियमांतून आला आहे. तिथे १९७४ पासून महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली. हेतू काटकसरीचा होता. लाकडी बॅट मोडते, धातूची टिकते. पण धातूच्या बॅटने काटकसरीबरोबर आणखी एक गोष्ट आणली, जी कोणी मागितली नव्हती.

बेसबॉलचा चेंडू म्हणजे रबराने मढवलेला कॉर्कचा गाभा, त्याभोवती घट्ट गुंडाळलेले लोकरीचे धागे आणि वर कातडे. लाकडी बॅटवर तो आदळतो तेव्हा लाकूड जवळजवळ दबतच नाही. सगळा दाब चेंडूच सोसतो आणि क्षणभर चपटा होतो. धाग्यांच्या आपसांतल्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते. टक्कर झाल्यावर दोन वस्तू एकमेकींपासून ज्या वेगाने दूर जातात, त्याला त्या जवळ येत होत्या त्या वेगाने भागले की उसळीचा गुणांक मिळतो. बॅट आणि चेंडू यांच्यासाठी तो सुमारे ०.५ असतो. वेग निम्मा, म्हणजे ऊर्जा चौथाई. टकरीत सापडलेल्या ऊर्जेचा पाऊण हिस्सा चेंडू गिळून टाकतो. धातूच्या पोकळ बॅटचे पातळ बॅरल मात्र हलगीच्या कातड्यासारखे आत दबते आणि लगेच उसळून परत येते. जेवढी ऊर्जा बॅरलमध्ये साठते तेवढी चेंडूच्या तोंडातून वाचते, आणि बॅरल ती जवळजवळ सगळी परत करते. गुणांक वाढतो. भिंत जितकी पातळ करावी तितका वाढत जातो.

कारखानदारांनी भिंती पातळ करत नेल्या. १९९८ साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा अंतिम सामना २१-१४ अशा धावसंख्येने संपला. बेसबॉलमध्ये एरवी पाच-सहा धावांत सामना जिंकता येतो, त्यामुळे हा आकडा बघून नियम करणारे जागे झाले. बॅटची जाडी २ पूर्णांक ५/८ इंचांवर, म्हणजे ६.७ सेंटिमीटरवर आणली गेली. वजनाला खालची मर्यादा आली. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाची चाचणी सुरू झाली. पुढे २०११ पासून महाविद्यालयांत आणि २०१२ पासून शाळांत आजचा नियम आला. प्रयोगशाळेत तोफेने चेंडू बॅटवर मारायचा आणि उसळीचा गुणांक ०.५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. ०.५० म्हणजे जवळपास चांगल्या लाकडी बॅटइतका. पहिल्याच हंगामात तिथल्या महाविद्यालयीन सामन्यांतले होमरन जवळजवळ निम्म्यावर आले. एखादा नियम इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट परिणाम दाखवतो, असे खेळात फारसे घडत नाही.

या शिक्क्याचे मोल कमी लेखू नये. पिचर चेंडू सोडतो तेव्हा तो बॅटपासून सुमारे साडेसोळा मीटरवर असतो, तोल सावरत असतो आणि त्याचा चेहरा उघडा असतो. चेंडू ताशी १५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ मीटरने त्याच्याकडे परतला तर त्याच्या हाती ०.४ सेकंद असतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुरुवात करण्यातच त्यातला अर्धा वेळ जातो. शिक्का आहे तो या मुलाच्या रक्षणासाठी. बॅट हातात धरणाऱ्या मुलाबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘शिक्का आहे म्हणजे बॅट चांगली’ असे समजणारे शिक्षक येथेच फसतात. वाहनाला वेगमर्यादेचे बंधन बसवले आहे म्हणून ते चालवायला सोपे आहे, असे होत नाही.

आणखी एक गैरसमज. एकाच ओंडक्यातून काढलेल्या लाकडी बॅटला या शिक्क्याची गरज नसते, कारण तिची नैसर्गिक उसळ मर्यादेतच असते. तेव्हा शिक्का नाही म्हणून साधी लाकडी बॅट परत करू नये. वरिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर लाकडीच बॅट लागते. आपल्या स्पर्धेत कोणती चालते, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचून मगच खरेदीला जावे.

आता वजनाचा नियम. अमेरिकी शाळा-महाविद्यालयांत धातूच्या बॅटचे औंसांतले वजन तिच्या इंचांतल्या लांबीपेक्षा तीनाहून अधिक कमी असता कामा नये. ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची हवी. याला तिथे ‘उणे तीन’ म्हणतात आणि बॅटवर तसे छापतात. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्यात आपण मुलांना सांगतो, की भिन्न राशींची वजाबाकी होत नाही. किलोग्रॅममधून मीटर वजा करता येत नाहीत. येथे एका पूर्ण देशाच्या नियमपुस्तकात औंसांतून इंच वजा होतात. ३३ इंच म्हणजे ८३.८ सेंटिमीटर आणि ३० औंस म्हणजे ८५० ग्रॅम. ही वजाबाकी मेट्रिक पद्धतीत करून पाहा म्हणजे तिचा अर्थ केवढा आहे ते कळेल. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असे गणित केले तर आपण लाल शाई वापरू.

थट्टा सोडली तरी या नियमाचा परिणाम मुलांवर होतो. ‘उणे तीन’ची ३० इंची बॅट २७ औंसांची आणि ३४ इंची ३१ औंसांची. दोन्हींवर तोच उणे तीन. पाहणाऱ्याला वाटते, चार इंच आणि चार औंसांचाच तर फरक. पण एखादी वस्तू फिरवताना तिचे वस्तुमान नुसते मोजून चालत नाही. ते वस्तुमान हातापासून किती दूर आहे त्या अंतराचा वर्ग धरावा लागतो. वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, या सगळ्या कणांच्या बेरजेला जडत्व-आघूर्ण म्हणतात. अकरावीच्या वर्गात आपण त्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणून शिकवतो. दोन बॅटींची घडण सारखी मानली तर वजनाचे गुणोत्तर ३१ भागिले २७, म्हणजे १.१५, लांबीच्या वर्गांचे गुणोत्तर १.२८; दोहोंचा गुणाकार १.४७. फिरवायला ती लांब बॅट जवळजवळ दीडपट जड आहे. मोठ्या मुलासाठी घेतलेली बॅट लहान मुलाच्या हाती देताना शिक्षकाला ‘थोडीशी मोठी’ वाटते, ती खरोखर किती मोठी असते ते यावरून दिसेल.

कोल्हापूरच्या तालमीत हे सूत्र न शिकता कळते. करेला जमिनीवरून उचलणे वेगळे आणि डोक्यामागून घुमवणे वेगळे. तोच करेला उलटा, जाड बाजूने धरला तर पोरही घुमवील. काट्यावर त्याचे वजन दोन्ही वेळा तेच भरेल. ऊसतोडणीच्या कोयत्याबाबत किंवा लोहाराच्या घणाबाबतही कारागीर असाच विचार करतो. तो वजन विचारत नाही, हातात घेऊन झुलवून बघतो.

वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग. बॅटच्या टोकाशी १०० ग्रॅमचे वजन चिकटपट्टीने पक्के बांधा आणि मुलांना मोकळ्या जागेत, इतरांना दूर उभे करून, सावकाश फिरवायला सांगा. मग तेच वजन मुठीखालच्या नॉबवर बांधा. एकूण वजन दोन्ही वेळा सारखे. परंतु नॉबपासून ६ इंचांवरचा बिंदू फिरण्याचे केंद्र मानला तर ३३ इंची बॅटच्या टोकावरचे १०० ग्रॅम नॉबवरच्या १०० ग्रॅमच्या वीसपट जडत्व-आघूर्ण वाढवतात. गणित सोपे आहे. एकाचे अंतर ६८.६ सेंटिमीटर, दुसऱ्याचे १५.२; अंतरांचे गुणोत्तर साडेचार, वर्ग केला की वीस. दुकानात शेजारीशेजारी ठेवलेल्या, एकाच लांबीच्या आणि एकाच वजनाच्या दोन बॅटींपैकी एकीचे वजन टोकाकडे सरकलेले असते आणि दुसरीचे मुठीकडे. लेबलावर दोन्ही जुळ्या बहिणी.

हा फरक कागदोपत्री नाही. लॉइड स्मिथ, जेफ ब्रोकर आणि ॲलन नेथन यांनी २००३ मध्ये सॉफ्टबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बॅटींचे दोन संच बनवले. एका संचात वजन सारखे ठेवून जडत्व-आघूर्ण बदलले, दुसऱ्यात जडत्व-आघूर्ण सारखे ठेवून वजन बदलले. खेळाडूंचा बॅट फिरवण्याचा वेग पहिल्या संचात बदलला. दुसऱ्यात वजनाच्या फरकाचा त्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. म्हणजे खेळाडूच्या हाताला जो आकडा कळतो तो जडत्व-आघूर्णाचा. प्रयोगशाळेत बॅट तपासताना तो मोजतातही. छापत मात्र नाहीत.

आता हात समोर धरण्याच्या चाचणीकडे वळू. बॅट आडवी धरली की मनगटावर जो ताण येतो तो वजन गुणिले गुरुत्वमध्याचे अंतर एवढा असतो. येथे अंतराचा वर्ग नाही, नुसते अंतर आहे. एक मीटरची हलकी काठी घ्या आणि तिच्या मध्यावर २०० ग्रॅम बांधा. दुसऱ्या तशाच काठीच्या दोन्ही टोकांना १००-१०० ग्रॅम बांधा. टोकाशी धरून समोर आडव्या ठेवल्या तर दोन्ही काठ्या हाताला सारख्याच जड लागतील. फिरवायला गेलात तर दुसरी दुप्पट जड निघेल. अर्धा मिनिट हात न थरथरण्याची परीक्षा बॅट उचलून ठेवण्याची आहे, फिरवण्याची नाही. फार जड बॅट वगळण्यापुरती ती ठीक. दोन बऱ्या बॅटींमधून एक निवडायला ती निरुपयोगी आहे.

उंची-वजनाच्या तक्त्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्यांतून मिळणारी लांबी ही सुरुवातीचा अंदाज म्हणून वाईट नसते. पण त्यांत मुलाच्या ताकदीचा रकाना नाही, आणि वजन जास्त म्हणजे ताकद जास्त असे गृहीत धरलेले असते. ज्यांनी पाचवी ते दहावीचे वर्ग शिकवले आहेत त्यांना हे गृहीत किती पोकळ आहे ते सांगायला नको. लांबी ठरवण्याचा याहून सरळ मार्ग मैदानावरच आहे. होम प्लेट १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर रुंद असते. मुलाला नेहमीच्या जागी सहज उभे करावे आणि बॅटचा जाड भाग प्लेटच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहावे. जी सर्वांत आखूड बॅट तिथे पोहोचते ती पुरेशी. त्याहून लांब घेतलेल्या प्रत्येक इंचाचे व्याज मनगट भरते.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. जड बॅटने चेंडू लांब जातो, हे तर खरे ना? काही अंशी खरे आहे. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग काढण्याचा हिशेब असा मांडतात. चांगल्या जागी लागलेल्या फटक्यात येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा सुमारे ०.२ भाग आणि बॅटच्या वेगाचा सुमारे १.२ भाग यांची बेरीज. चेंडू आणि बॅट दोन्ही सेकंदाला २५ मीटरने आले तर ५ अधिक ३० मिळून ३५ मीटर. बॅटचा वेग चेंडूच्या वेगापेक्षा सहापट मोलाचा आहे, हे या साध्या बेरजेतून दिसते. टक्कर होते त्या जागी बॅटचे परिणामी वस्तुमान सहाव्या हिश्शाने कमी केले तर ०.२ चा आकडा घसरून ०.१५ होतो. तोच ३५ चा वेग मिळवायला मग बॅट २५ ऐवजी २७ मीटरने फिरवावी लागेल. हलकी बॅट अधिक वेगाने फिरते खरी, पण सहसा एवढ्या वेगाने नाही. तेव्हा अचूक लागलेल्या फटक्यात जड बॅट दोन-तीन टक्क्यांनी सरस ठरते. प्रश्न त्या ‘अचूक’ शब्दाचा आहे. शाळेच्या संघातले मूल चेंडू लांब जात नाही म्हणून बाद होत नाही. बॅट उशिरा पोहोचते म्हणून होते. हलकी बॅट त्याला फटका सुरू करण्याआधी चेंडू क्षणभर अधिक पाहू देते. मोठ्या, बळकट खेळाडूने जड बॅट घ्यावी आणि शिकणाऱ्याने हलकी, हे म्हणणे म्हणूनच भित्रेपणाचे नाही. आमचे अनेक प्रशिक्षक ‘जड बॅटने हात तयार होतात’ असे सांगतात. हात तयार करायला तालीम आहे.

मग जडत्व-आघूर्ण मोजायचे कसे? येथे शिक्षकाला आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. अमेरिकी प्रमाणित पद्धत आणि आपल्या अकरावीच्या प्रयोगशाळेतला लंबकाचा प्रयोग यांत तत्त्वाचा काही फरक नाही. नॉबपासून ६ इंचांवर, म्हणजे १५.२ सेंटिमीटरवर, हँडलच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या चिपा आवळून बांधा आणि त्यांच्यातून एक बारीक सळई आडवी जाऊ द्या. सळईची टोके दोन टेबलांच्या कडांवर टेकवून बॅट मधल्या फटीत लोंबती सोडा. ती किंचित बाजूला नेऊन सोडली की संयुक्त लंबकासारखी झुलू लागते. वीस झोक्यांना लागलेला काळ मोजून एका झोक्याचा काळ काढा. बॅटचे वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मिळेल. गुरुत्वमध्य पट्टीच्या कडेवर बॅट तोलून मिळेल. त्याचे सळईपासूनचे अंतर घ्या. वस्तुमान, गुरुत्वत्वरण, हे अंतर आणि झोक्याच्या काळाचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला ३९.५ ने, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने भागा. उदाहरणार्थ वस्तुमान ०.८५ किलोग्रॅम, अंतर ०.४० मीटर आणि काळ १.४७ सेकंद असेल तर उत्तर ०.१८ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. नुसती तुलनाच करायची असेल तर वजन, अंतर आणि काळाचा वर्ग यांचा गुणाकार पुरे. बाकीचे आकडे सगळ्या बॅटींना समान आहेत.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट फुकट मिळते. त्याच सळईला एक ओळंबा बांधा आणि त्याचा दोरा कमीजास्त करत जा. एका लांबीला ओळंबा आणि बॅट तंतोतंत बरोबरीने झुलतील. ओळंब्याचा गोळा बॅटवर जिथे येतो ते आघातकेंद्र. वरच्या आकड्यांनी ते सळईपासून ५३-५४ सेंटिमीटरवर, म्हणजे बॅटच्या टोकापासून सुमारे १५ सेंटिमीटर अलीकडे येते. तिथे फटका बसला तर सळईच्या जागी असलेल्या हाताला झटका बसत नाही. आता बॅट हँडलवर त्याच जागी दोन बोटांत सैल लोंबती धरून बॅरलवर दुसऱ्या हाताने चेंडू ठोकत खालपासून वर या. एका जागी बोटांना जाणवणारी थरथर जवळजवळ नाहीशी होते. तो कंपनाचा निस्पंद. तोही साधारण त्याच पट्ट्यात, टोकापासून १५ ते १७ सेंटिमीटरवर सापडतो. खेळाडू ज्याला बॅटची ‘गोड जागा’ म्हणतात ती एक रेघ नसून असा दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा आहे. त्याच्या बाहेर, विशेषतः मुठीकडे चेंडू लागला की हाताला मुंग्या येतात. थंडीच्या सकाळी सराव करणाऱ्या मुलांना याचा अर्थ कळेल.

येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांनी १९९० साली बेसबॉलच्या भौतिकशास्त्रावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात एक विधान आहे जे आमच्या प्रशिक्षकांना पटत नाही. चेंडू आणि बॅट यांचा स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो, आणि एवढ्या वेळात हातांच्या पकडीचा परिणाम टकरीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे फटक्याच्या क्षणी मूठ कितीही घट्ट आवळली तरी चेंडूला त्याचा पत्ता नसतो. ‘घट्ट धर’ ही सूचना बॅट हातातून सुटून दुसऱ्याला लागू नये म्हणून योग्य आहे, चेंडू लांब जावा म्हणून नव्हे.

शाळेत बॅट एकच असेल तर काय? मुलाला एक इंच वर धरायला शिकवावे. फिरण्याचे केंद्र अडीच सेंटिमीटर पुढे सरकले की वरच्या उदाहरणातल्या बॅटचे जडत्व-आघूर्ण सुमारे ९ टक्क्यांनी घटते. दोन इंच वर धरली तर आणखी. हा उपाय फुकटचा आहे, पण मुलांना त्यात कमीपणा वाटतो, कारण बॅट वर धरणे हे नवशिक्याचे लक्षण समजले जाते. चौदा वर्षांखालच्या संघासाठी ‘उणे तीन’ची बॅट घेण्याचा हट्ट तर मुळातच चुकीचा आहे. हा नियम ज्या देशातून आला तिथेही तो हायस्कूल व महाविद्यालयासाठी आहे. लहान मुलांना तिथे उणे आठ, उणे दहाच्या हलक्या बॅट देतात. दोन बॅटींचे पैसे असतील तर एकाच मापाच्या दोन घेऊ नयेत.

बेसबॉल आणि सॉफ्टबॉलला एकच बॅट चालवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. सॉफ्टबॉलची बॅट सव्वादोन इंच, म्हणजे ५.७ सेंटिमीटर जाडीची असते. तिच्या बॅरलची भिंत मोठ्या आणि तुलनेने मऊ चेंडूचा विचार करून बनवलेली असते. बेसबॉलच्या कठीण चेंडूने तिला पोचे येतात, आणि पोचा आलेली बॅट कोणत्याच खेळात नियमात बसत नाही. बाजारात ‘बेसबॉल बॅट’ या नावाने स्वसंरक्षणासाठी म्हणून जी काठी विकतात तिच्याबद्दल वेगळे लिहिण्याचे कारण नाही. तिच्यावर शिक्का नसतो, लाकूड कोणते ते लिहिलेले नसते, आणि खेळात तिचे काही काम नाही. स्वस्त म्हणून ती शाळेत शिरते एवढेच.

लाकडी बॅट घ्यायची तर रेषा पाहाव्यात. लाकडाच्या उभ्या रेषा हँडलच्या लांबीला समांतर धावायला हव्यात. त्या तिरक्या होऊन कडेला निघून गेल्या असतील तर बॅट तिथेच मोडेल आणि तुटलेला टोकदार तुकडा मैदानात उडेल. ॲश लाकडात या रेषा डोळ्यांना दिसतात. मेपल लाकडात दिसणे कठीण, म्हणून अमेरिकेच्या व्यावसायिक सामन्यांत हँडलवर शाईचा एक ठिपका देण्याची पद्धत आली. शाई लाकडाच्या सूक्ष्म नलिकांतून पसरते आणि तिची दिशा रेषांची दिशा दाखवते. तीन अंशांपेक्षा अधिक कल असला तर बॅट बाद. हँडलवर पॉलिश नसेल तर पेनातल्या शाईने हे शाळेतही करता येते. राहिला पावसाळा. आपल्या शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात आणि लाकूड हवेतली ओल शोषून घेते. लाकडातल्या ओलीचे प्रमाण १० टक्क्यांवरून १४ वर गेले तर ९०० ग्रॅमची बॅट ३० ग्रॅमहून अधिक जड होते, म्हणजे औंसभराने. उन्हाळ्यात मोजलेला आकडा ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा मोजून घ्यावा, आणि बॅट क्रीडासाहित्याच्या खोलीत ओलसर भिंतीला टेकवून न ठेवता दोरीने टांगून ठेवावी.